दुसरा स्पर्श

सेलूत, जिनिंगच्या मागच्या मैदानावर
हॅलोजनच्या उजेडात रुई तरंगते रात्रभर,
आणि चेंडू वर गेला की माझ्याआधी
त्याच्याखाली पोचलेली असते
बाकावरून एका पोराची नजर.

वाजेद. सतराचा. वालूरहून येतो,
बाप याच जिनिंगात काट्यावर.
बोटं लांब, नखं कुरतडलेली.
पहिला स्पर्श कुणाचाही असो, दुसरा लिफ्टरचा,
आणि तो गेली अकरा वर्षं माझा आहे.

पत्तेवार सर म्हणतात, एक हंगाम बसू द्या अजून,
डोळे पिकले की हात आपसूक पिकतात.
ट्रॅक्टर-शोरूमवाले अध्यक्ष म्हणतात,
सर, काठावर बसून पोहायला शिकलेलं
एक तरी माणूस दाखवा मला.
मग चहा येतो. मला कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तरी
सात नंबरची बनियन अंगात असताना
खरं बोलता आलं असतं का, काय माहीत.

मला सोळाव्या वर्षी उतरवलं होतं, वसमतला.
चारच चेंडूंत समोरच्यांनी ओळखलं
की घाबरलं की हे पोरगं उद्धवकडेच उचलतं.
पंधरा-चार.
हरल्याचं काही नाही, हरतंच माणूस.
पण पुढची तीन वर्षं माझी मनगटं
उद्धवकडेच वळत राहिली,
उद्धव टीम सोडून गेल्यावरसुद्धा.
कच्च्या मडक्यात पाणी भरलं
की पाणी जातंच, मडकंही जातं.

असं मी सांगत आलो सगळ्यांना.
संभा खंदारेची गोष्ट मात्र सांगत नाही.

संभा चार वर्षं माझ्यामागं बसला.
दोनशे पानी वही होती त्याची,
कोणता ब्लॉकर कोणत्या पायावर उडतो,
वारा जिनिंगकडून आला तर किती कमी उचलायचं,
सगळं.
मी आजारी पडलो नाही. माझं बोट मोडलं नाही.
ताप होता त्या दिवशीही खेळलो मी,
लोक म्हणाले, काय जिद्द आहे गड्याची!
संभा आता जालन्याला एसआरपीत आहे.
तिथं खेळतो का,
हे मी अजून विचारलेलं नाही.

वाजेदला मी शिकवतो, तसं नाही.
ब्लॉकरच्या टाचा बघ म्हणतो,
खांदे खोटं बोलतात, टाचा नाही बोलत.
पण तीनशे माणसं एकदम ओरडली
की हात कोपरापासून परके होतात,
हे सांगता येत नाही,
किंवा मी सांगत नाही.

आज चौथा सेट. एकोणीस-बावीस.
सरांनी बाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं,
मग उगंच घड्याळाकडं.
मीच हात वर केला.
म्हन्लं, सर, बोट दुखायलंय.
दुखत नव्हतं.
म्हणजे अकरा वर्षं दुखतच आहे,
आज वेगळं काही नव्हतं.

वाजेद धावत गेला, बनियन उलटी घातलेली.
पंचांनी थांबवलं, लोक हसले,
त्यानं तिथंच काढून सुलटी केली.
पहिलाच चेंडू हातातून निसटला, जाळीला लागून खाली.
एकोणीस-तेवीस.
मागून कुणीतरी ओरडलं,
काहून काढलं बे चांगल्या गड्याला?
काट्याजवळच्या पत्र्याखाली एक माणूस
दोन पावलं पुढं आला आणि तिथंच थांबला.

मी बाकावर. फळी अजून गरम, त्याच्याच अंगानं.
अन् इथून जाळी बुटकी दिसते.
अकरा वर्षांत कळलं नव्हतं हे,
इथून सगळंच सोपं दिसतं.
संभाला रोज रात्री
हेच दिसत असणार.

सर्व्हिस आली. रिसीव्ह उंच गेला, तिरपा,
रुईतून, उजेडाच्या पार वरच्या काळोखात.
वाजेदनं एकदा, फक्त एकदा,
समोरच्याच्या टाचांकडं बघितलं.

आणि माझ्या मांडीवर
माझे दोन्ही हात
त्याच्याआधी उघडले.